बॅटरी धरायचं काम

विमानतळावरून दादाच्या घरी जाताना, गाडी सिग्नलला थांबली असताना, त्याने मला सांगितलं की आईचं परतीचं तिकीट मार्चचं काढलंय. माझं तीन जानेवारीचं होतं. आई मागच्या सीटवर कानावरून शाल घेऊन झोपली होती. तिचं तोंड थोडं उघडं होतं.

"तिला माहीत आहे?" मी विचारलं.

"तू सांग ना. तुझं ऐकते ती."

"ती कुणाचंच ऐकत नाही. चाळीस वर्षं बाबांचंही नाही ऐकलं."

"एकतीस तारखेपर्यंत तिकीट बदलता येतं. नकोच म्हणाली तर बदलू. पण तूही जरा विचार कर. तिथे दोघी बसून करता काय? तू दिवसभर लायब्ररीत आणि ती त्या बादलीपाशी."

सिग्नल सुटला. बादलीबद्दल त्याचं खोटं नव्हतं.

आमचे बाबा प्लंबर होते. अर्ध्या गावाचे नळ त्यांच्या हातचे. आमच्या न्हाणीघरातला नळ मात्र सहा वर्षं गळत होता. तोटीतून नाही, मुळातून, भिंतीत जातो तिथून. आईने म्हणावं, "अहो, जगाचे नळ बांधता, घरचा कधी?" आणि बाबांनी म्हणावं, "उद्या." त्या नळाखाली एक निळी बादली असायची. आई सकाळ-संध्याकाळ ती कुंड्यांना ओतायची. ऑगस्टमध्ये बाबा गेले, तेव्हाही ती अर्धी भरलेली होती. महिन्याभराने मी दुसऱ्या प्लंबरला बोलावलं. आईने त्याला दारातच चहा दिला आणि परत पाठवलं. "घरातल्या माणसाचं काम आहे ते," एवढंच म्हणाली. घरातलं कुठलं माणूस, हे मी विचारलं नाही. इकडे यायच्या आधी शेजारच्या काकूंना किल्ली देऊन आलो, ती बादली रिकामी करायला. काकू म्हणाल्या, "लोक मांजर सांभाळायला देतात, तुम्ही गळती देताय."

दादाच्या शहरात नाताळची सुट्टी होती. त्याच्या ऑफिसला दहा दिवस कुलूप. वहिनी नर्स असल्यामुळे तिला नेमकी सणाच्याच दिवसांत ड्युटी. ती सकाळी सहाला जायची आणि संध्याकाळी येऊन सोफ्यावर बूट काढता काढता झोपायची. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या, त्यांत लुकलुकणारे दिवे. आईला पहिल्या दिवशी ते आवडले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "यांचं बिल कोण भरतं?"

चोवीस तारखेला दादाने आम्हाला शहर दाखवलं. दाखवलं म्हणजे बंद शहर दाखवलं. हे संग्रहालय, आज बंद. हा बाजार, एरवी पाय ठेवायला जागा नसते, आज बंद. नदीवरच्या पुलाखेरीज काहीच उघडं नव्हतं, कारण पुलाला शटर नसतं. रस्त्यांवर आम्ही तिघं, एक कुत्रा फिरवणारा माणूस, आणि मधूनच एखादी रिकामी ट्राम. आईने दोन मोजे घालून त्यावर सँडल चढवल्या होत्या. दादा दोनदा म्हणाला की आपण बूट घेऊ, आणि दोन्ही वेळा बुटांचं दुकान बंद निघालं.

"छान आहे," आई म्हणाली. "आमच्या येण्याने सगळं गाव पळून गेलेलं दिसतंय."

पुलावर उभं असताना दादाने मला डोळ्याने खुणावलं. आता सांग. मी नदीकडे बघत राहिले. सांगायचं मला कठीण नव्हतं. पण मी सांगितलं असतं, तर माझ्या आवाजात सांगितलं असतं, आणि त्या आवाजात 'राहू नकोस' हे आपोआप आलं असतं. गेले चार महिने मी संध्याकाळी साडेसहाला घरी पोचते आणि दार आई उघडते. त्याआधी दोन वर्षं बाबा अंथरुणाला होते आणि आम्ही दोघी पाळीपाळीने जागायचो. मार्चपर्यंत ते दार मला किल्लीने उघडावं लागणार होतं. हे कारण फार लहान आहे हे मला कळत होतं. म्हणून मी गप्प होते.

संध्याकाळी भांडी घासताना आईने सिंकखालचं कपाट उघडलं. साबणाचं खोकं खालून भिजून मऊ झालं होतं. तिने हात आत घातला, बोटं वर आणली, वास घेतला.

"पाणी आहे. स्वच्छ आहे. म्हणजे वरच्या नळाचं, सांडपाण्याचं नाही."

दादाने वाकून मोबाईलच्या उजेडात पाहिलं. भिंतीतून एक छोटा कॉक बाहेर आला होता आणि त्याच्या मुळाशी थेंब धरत होता. "अरे, थोडंसंच आहे," तो म्हणाला. "उद्या बघू."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. दादाला काही कळलं नाही. आईने एक पातेलं घेऊन थेंबाखाली ठेवलं, आणि ठेवताना तिचा हात इतका सराईत होता की मी दुसरीकडे बघितलं.

सकाळी अकराला दाराची घंटा वाजली. बाहेर खालच्या मजल्यावरची बाई उभी होती. सत्तरीची, उंच, निवृत्त बसड्रायव्हर. एका हातात सुतळीने बांधलेली भेट आणि दुसऱ्या हातात रिकामा मग. तिने आधी भेट दादाच्या हातात दिली. नंतर रिकामा मग दाखवला आणि काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"म्हणते, सणाच्या शुभेच्छा. आणि तिच्या छतातून माझं पाणी तिच्या कॉफीत पडतंय."

पातेलं कधीच भरून वाहिलं होतं. दादा लालबुंद झाला. त्याने तीन ठिकाणी फोन लावले. दोन ठिकाणी कुणी उचलला नाही. तिसऱ्या ठिकाणी एका मशीनने त्याला सत्तावीस तारीख दिली. बसड्रायव्हर बाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिची मुलगी आणि जावई दोन वाजता जेवायला येणार होते, आणि टेबल नेमकं त्या थेंबाखाली होतं.

"मी करतो," दादा म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. शाळेत दादाला 'तोटी' म्हणायचे. त्यावरून त्याने दोनदा मारामाऱ्या केल्या आणि नंतर बाबांबरोबर कामावर जाणंच सोडलं. पुढे शिष्यवृत्ती, परीक्षा, हे शहर. बाबा गेले तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला. त्यांच्या अवजारांची पेटी बाहेरच्या खोलीत होती. आठवडाभर तो तिला वळसा घालून चालला.

"तुला येतं?" मी विचारलं.

"कॉक काढायचा, आट्यांवर टेप गुंडाळायची, परत बसवायचा. लहानपणी शंभर वेळा पाहिलंय. तूही होतीसच की. ये, बॅटरी धर."

बॅटरी धरायचं काम आमचं ठरलेलं होतं. बाबा जमिनीवर मांडी घालून बसायचे, आणि आम्ही दोघं समोर, उजेड त्यांच्या हातांवर पाडून. डोळ्यांवर उजेड गेला की ते म्हणायचे, "मला नको बघूस, कामाकडे बघ."

घराचा मुख्य कॉक कुठे आहे हे दादाला माहीत नव्हतं. सात वर्षं त्या घरात राहत होता. आई संडासात गेली, एक झाकण नखाने उचकटलं आणि तिथूनच ओरडली, "बंद केला! असा असतो प्रत्येक घरात, दाराआड नाहीतर डोक्यावर." बसड्रायव्हर बाई खाली जाऊन स्वतःची अवजारांची पेटी घेऊन आली. तिच्याकडे चांगला जाडजूड पाना होता. दादाने कपाटात अर्धं अंग घालून कॉक काढला. ड्रॉवरमध्ये पांढऱ्या टेपचं एक जुनं रीळ निघालं, बोटभर उरलेलं.

दादाने कॉकचे आटे स्वतःकडे धरले आणि टेप गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा घेऊन तो थांबला.

"अशीच ना?"

मी डोळे मिटले. बाबांचे हात दिसले. डावा स्थिर, उजवा फिरणारा. नखांत सफेदा, टेपऐवजी ते दोरा गुंडाळायचे त्यावर लावायचा पांढरा लेप. दोरा वरून माझ्या डावीकडे यायचा आणि खालून निघून जायचा.

"अशीच," मी म्हणाले. "मला पक्कं आठवतंय."

"मलाही."

बाबांच्या बाबतीत आमचं एकमत झालं, असं कितीतरी वर्षांनी घडत होतं. दादा जरा हसला. त्याने सगळी टेप संपवली, कॉक भिंतीत फिरवून बसवला, पान्याने आवळला. आईने पाणी सोडलं.

थेंबाऐवजी धार आली.

"बंद कर! आई, बंद!" दादा कपाटातून ओरडला. बाहेर आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची एक बाही पूर्ण भिजली होती. कॉक परत काढला, तर टेप आट्यांवरून सरकून एका टोकाला सुरकुतून बसली होती, पाय काढलेल्या मोज्यासारखी.

"टेपच भिकार आहे," दादा म्हणाला.

आईने कॉक त्याच्या हातातून घेतला. चष्मा कपाळावरून खाली ओढला. सुरकुतलेल्या टेपकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"उलटी गुंडाळलीय," ती म्हणाली.

"नाही आई. बाबा अशीच गुंडाळायचे. हिलाही विचार."

"हो," मी म्हणाले. "अशीच."

"तुम्ही कुठे बसायचात?"

"म्हणजे?"

"बॅटरी घेऊन कुठे बसायचात?"

"समोर," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

आईने कॉकचे आटे स्वतःकडे केले आणि हवेतच बोट फिरवलं, घड्याळाच्या काट्यासारखं. बोट तसंच फिरत राहिलं. मी तिच्या बाजूला सरकले. तिथून ते एका दिशेने फिरत होतं. पुन्हा समोर आले. आता दुसऱ्या. दादाने ते पाहिलं. तो जमिनीवर बसला, भिजलेल्या बाहीसकट, आणि हसायचं की काय करायचं हे त्याला ठरवता येईना.

"मी त्यांच्या बाजूला बसायचे," आई म्हणाली. "दोरा सोडवून मीच द्यायचे हातात. कॉक फिरवतात तिकडेच गुंडाळायचा, म्हणजे आवळताना आवळतो. उलटा गुंडाळला की आवळताना सुटतो. पाना मी कधी धरला नाही. पण हे मला कुणी शिकवायला नको."

टेप संपली होती. दुकानं अजून दोन दिवस बंद. बसड्रायव्हर बाईने घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा झाले होते. आईची नजर ओट्यावरच्या भेटीवर गेली. तिने सुतळीची गाठ सोडली. कागद तसाच राहू दिला. सुतळीचा हातभर तुकडा तोडला, पीळ उलगडला, आणि बसड्रायव्हर बाईच्या डोक्याकडे बोट दाखवलं. बाई क्षणभर गोंधळली, मग खिशातून कंगवा काढून तिने आईला दिला. आईने सुतळीचे तंतू त्या कंगव्याने विंचरले, लहानपणी माझे केस विंचरायची तसे, मुळाशी बोटांनी धरून, म्हणजे ओढ बसत नाही.

"सफेदा नाही. तेलाचा रंग आहे का घरात?"

खिडक्यांच्या चौकटी रंगवून उरलेला पांढरा डबा गॅलरीत होता. वर साय धरली होती. आईने ती काडीने बाजूला केली.

"इकडे ये," ती मला म्हणाली. "समोर नको. बाजूला बस. आणि तू रे, तू या बाजूला."

आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसलो. बॅटरी बसड्रायव्हर बाईने धरली, कुणी न सांगता. आईने तंतू सोडवून दिले आणि गुंडाळले दादाने, हळूहळू, प्रत्येक वेढ्याला आईकडे बघत. त्यावर मी बोटाने रंग लावला. जास्त झाला की आई म्हणायची, "लोणी नाही लावत आहेस." दादाने कॉक बसवला. या वेळी तो शेवटच्या दीड वेढ्याला जड गेला. "असाच जायला हवा," आई म्हणाली. "सहज गेला तर समजायचं, गळणार."

पाणी सोडलं. आम्ही चौघं कपाटासमोर गुडघ्यांवर बसून भिंतीकडे बघत होतो. पाच मिनिटं. दादाने बोट फिरवलं, कोरडं होतं. बसड्रायव्हर बाईने आईचा हात धरून दोनदा जोरात हलवला आणि पेटी उचलून जेवायची तयारी करायला गेली. कंगवा आमच्याकडेच राहिला.

मी तिथेच बसून होते. बोटांना रंग होता. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर मी काहीच न करता एकतीस तारीख निघून जाऊ देईन.

"आई, तुझं परतीचं तिकीट मार्चचं आहे. माझ्याबरोबरचं नाही."

दादा चिंधीने फरशी पुसत होता. तो थांबला.

"कुणी काढलं?"

"मी," दादा म्हणाला.

"आणि हिला कधीपासून माहीत?"

"विमानतळावरून आलो तेव्हापासून," मी म्हणाले.

"वा! मी काय बादली आहे? इथून उचलली, तिथे ठेवली. गळतंय कुठे ते आधी बघावं माणसाने." ती ओट्याला धरून उठली. "चहा टाका कुणीतरी. मी टाकणार नाही."

चहा दादाने टाकला. वाईट झाला होता. आईने पूर्ण प्यायला.

त्या विषयावर दोन दिवस ती काही बोलली नाही. अठ्ठावीस तारखेला दुकानं उघडली आणि आम्ही दोघी बुटांच्या दुकानात गेलो. दादा बाहेर फोनवर होता. आई एका पायात नवीन बूट, एका पायात दोन मोजे अशी स्टुलावर बसली होती.

"तुला काय हवंय?" तिने विचारलं.

"तुझं तू ठरव."

"ते मी ठरवीनच. तुला काय हवंय विचारलं."

दुकानदारीण दुसरा बूट घेऊन आली. आईने तो हातात घेतला आणि वाट बघत राहिली.

"मला तू घरी हवी आहेस," मी म्हणाले.

"हं." तिने बूट घातला, पाय जमिनीवर आपटून पाहिला. "कळतंय मला ते. मलाही तिथेच बरं वाटतं. इथे भिंतींना वास नाही कशाचा." मग ती काचेबाहेर दादाकडे बघू लागली. तो थंडीत फेऱ्या मारत बोलत होता, एक हात खिशात. "तू त्यांच्या बाजूला होतीस शेवटची दोन वर्षं. हा नव्हता. काल मला विचारत होता, बाबा सफेदा कुठून आणायचे म्हणून. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी मार्चपर्यंत थांबते. किती विचारतो बघू."

"बरं," मी म्हणाले.

"रागावलीस?"

"नाही."

"रागावलीस तर रागाव. बूट घेऊ का हे? पायाला जरा बोचतात."

"मोठे घे एक नंबर. दोन मोजे घालतेस तू."

तीन जानेवारीला विमानतळावर आईने माझ्या पर्समध्ये कागदाची एक पुडी ठेवली. त्यात भेटीवरच्या सुतळीचा उरलेला तुकडा होता, गुंडी करून. "तिकडे मिळते सुतळी," मी म्हणाले. "मिळते," ती म्हणाली, "पण तू आणायला उद्या जाशील."

घरी पोचले तेव्हा सकाळ होती. किल्लीने दार उघडलं. काकूंनी बादली नुकतीच रिकामी केली होती. तळाशी बोटभर पाणी होतं. मी कपडे न बदलता बाबांची पेटी उघडली. पाना होता, सफेद्याचा डबा होता, घट्ट झालेला, पण तेल घालून ढवळल्यावर चालण्यासारखा. गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला. बॅटरी धरायला कुणी नव्हतं, म्हणून ती न्हाणीघराच्या खिडकीत साबणाच्या डबीला टेकवून ठेवली. नळ निघायला वेळ लागला. आट्यांमध्ये बाबांचा जुना दोरा होता, काळा पडलेला. तो मी सुईने उकरून काढला. पुडीतली सुतळी विंचरायला माझाच कंगवा घेतला. दोन वेळा चुकले, तिसऱ्यांदा शेवटच्या वेढ्याला नळ जड गेला.

दुपारी दोन वाजता आईचा फोन आला.

"पोचलीस? काय करतेस?"

"नळ बसवला."

तिच्या मागे दादाचा आवाज येत होता, कसलं तरी झाकण कसं उघडायचं ते विचारत होता.

"थेंब?"

"नाही. अर्धा तास झाला."

"मग बादली पुसून उलटी घालून ठेव," आई म्हणाली. "आणि कुंड्यांना आता आठवणीने पाणी घालत जा. आपोआप मिळायचं नाही त्यांना."